स्वतःचा लॅपटॉप जुळवायचाय? आधी बॉडी ठरवा

डेस्कटॉप जुळवायची सवय असलेला माणूस लॅपटॉपकडे वळला की आधी प्रोसेसर निवडतो आणि मग त्याला बसेल असा मदरबोर्ड शोधत फिरतो. तो सापडत नाही. लॅपटॉपचा बोर्ड त्या त्या बॉडीच्या मापाचा असतो आणि प्रोसेसर त्यावर सोल्डर होऊनच, म्हणजे कायमचा जोडलेलाच, येतो. लॅपटॉपसाठी सॉकेटमध्ये बसणारे प्रोसेसर इंटेलने चौथ्या पिढीनंतर काढलेच नाहीत. म्हणून इथे क्रम उलटा.

१. बेअरबोन निवडा. म्हणजे बॉडी, बोर्ड, प्रोसेसर, पंखे, कीबोर्ड, बहुधा स्क्रीन आणि बॅटरीही. क्लेवो, टाँगफांग हे यातले जुने उत्पादक. २०२१ मध्ये आलेला फ्रेमवर्क कंपनीचा लॅपटॉपही रॅम आणि एसएसडी (माहिती साठवायची चिप-डिस्क) यांशिवाय घेता येतो. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. रॅमला स्लॉट आहेत की तीही सोल्डर केलेली? एम.२ स्लॉट (एसएसडी बसते ती खाच) किती? दोन वर्षांनी बॅटरी, पंखा, बिजागरी सुटी मिळेल का? प्रोसेसरच्या नावावर भाळू नका. तोच प्रोसेसर पातळ बॉडीत कमी वॅटवर चालवला जातो आणि दमतो. स्क्रीन पुढे बदलायची असेल तर केबल ३० पिनची आहे की ४० पिनची, तेही आत्ताच पाहून ठेवा.

२. रॅम. सोडिम, म्हणजे लॅपटॉपची आखूड रॅम-पट्टी, घ्यायची, पण डीडीआर४ (२६० पिन) आणि डीडीआर५ (२६२ पिन) या दोन पिढ्यांची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर फरक चांगलाच जाणवतो, कारण ग्राफिक्सही याच रॅमवर जगतं.

३. एसएसडी. एम.२ २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. आकार जुळला म्हणून खूश होऊ नका, स्लॉट एनव्हीएमईचा (नवी, वेगवान जोडणी) आहे की साटाचा (जुनी, हळू) ते बघा. पातळ बॉडीत एकाच बाजूला चिप असलेलीच घ्या.

४. वायफाय कार्ड. फसगत हमखास होते ती इथे. इंटेलचं एएक्स२१० एएमडीच्या बोर्डावरही चालतं. त्याच्यासारखंच दिसणारं एएक्स२११ मात्र फक्त ते चालवू शकणाऱ्या इंटेलच्या बोर्डावर, कारण त्याचं अर्धं काम प्रोसेसरच्या बाजूला होतं. एका आकड्याचा फरक, आणि कार्ड ड्रॉवरमध्ये पडून.

५. बॅटरी आणि चार्जर. विमानप्रवास असेल तर १०० वॅट-तासांच्या आत राहा, त्यावर विमान कंपनीची परवानगी लागते. चार्जर बेअरबोनवर लिहिलेल्या वॅटचाच घ्या.

सगळं बसवून झाल्यावर पहिल्यांदा बटण दाबाल तेव्हा, डीडीआर५ असेल तर, स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. लगेच बंद करून पुन्हा उघडायला बसू नका.