वॉचमेन पहिल्यांदा वाचताय? मग असं वाचा

वॉचमेन हे कॉमिक अर्ध्यात सोडलं असं सांगणाऱ्यांना विचारलं तर बहुतेकांनी ते नेहमीच्या सुपरहिरो कॉमिकसारखं, म्हणजे संवादांचे फुगे वाचत वाचत भराभर पानं उलटत वाचलेलं असतं, आणि या पुस्तकात अर्धी गोष्ट चित्रात आहे, त्यामुळे ती निसटून जाते. अॅलन मूरने लिहिलं, डेव्ह गिबन्सने काढलं, जॉन हिगिन्सने रंगवलं. १९८६-८७ मध्ये डीसी या कॉमिक प्रकाशकाने १२ अंकांत काढलं होतं, एकेक अंक वेगळा वेगळा. तुम्हीपण तसंच करा, एका बैठकीत एकच चॅप्टर, रात्रभर जागून संपवू नका प्लीज.

आधी एवढंच डोक्यात ठेवा. गोष्ट १९८५ च्या न्यूयॉर्कमधली पण जग थोडं वेगळं, निक्सन अजून अध्यक्ष आहे, अचाट शक्ती असलेल्या डॉक्टर मॅनहॅटनमुळे अमेरिका व्हिएतनाम जिंकलीय, आणि १९७७ च्या कीन कायद्याने मास्क घालून फिरणाऱ्यांवर बंदी आलीय, सरकारसाठी काम करणारे सोडून. रशियाशी अणुयुद्ध कधीही पेटेल अशी भीती सगळीकडे. आणि या मास्कवाल्यांत नाइट आऊल नावाचे दोन आहेत, सिल्क स्पेक्टरपण दोन (आई आणि मुलगी), एक पिढी चाळीसच्या दशकातली आणि एक नंतरची. हे माहीत नसलं की दुसऱ्या चॅप्टरच्या फ्लॅशबॅकमध्ये हमखास गोंधळ होतो.

आता पहिलं पान उघडा आणि तिथे नीट थांबा. गटारात पडलेला रक्ताचा डाग लागलेला स्मायलीचा बिल्ला, मग प्रत्येक चौकटीत आपण वर वर जातो, फूटपाथ दिसतो, रक्त धुणारा माणूस दिसतो, आणि शेवटी थेट वरच्या मजल्यावरच्या फुटलेल्या खिडकीतून एक जण खाली बघतोय. सोबत रोरशाक या मास्कवाल्याची डायरी चालू आहे पण ती चित्राबद्दल काहीच सांगत नाही, दोन्ही वेगळं चालतं आणि तुम्ही जोडायचं. त्याच पानावर जगाचा अंत जवळ आलाय अशी पाटी घेतलेला एक माणूस त्या रक्तातून पाय उमटवत जातो, तो पुढे जिथे जिथे दिसेल तिथे लक्ष ठेवा, पाचव्या चॅप्टरपर्यंत. कोण ते नेटवर शोधू नका!!

बहुतेक पानं ९ चौकटींची आहेत, म्हणून जिथे चौकट मोठी होते तिथे मुद्दाम केलंय असं समजा. मनातल्या विचारांचे फुगे नाहीत, ढिशूम ढिशूम लिहिलेलं नाही, चेहऱ्यावरून ओळखायचं.

पेपरच्या स्टॉलपाशी बसून एक पोरगा चाच्यांचं कॉमिक वाचतो, त्या ओळी मुख्य गोष्टीच्या चित्रांवर येतात आणि लोक वैतागून त्या गाळतात. गाळू नका. आधी फक्त त्या ओळी वाचा, मग त्याच चौकटीतलं स्टॉलवाल्याचं बोलणं, मग चित्र. एक बुडालेल्या जहाजातून वाचलेला माणूस घरी पोचायला काय काय करतो ती गोष्ट आहे, आणि ती कुणाबद्दल आहे हे शेवटच्या चॅप्टरला कळतं. चॅप्टरांच्या शेवटी असलेला मजकूरपण वाचाच, पहिल्या तीनमधलं हॉलिस मेसनचं, म्हणजे पहिल्या नाइट आऊलचं, आत्मचरित्र तर फारच सुंदर आहे.

चौथा चॅप्टर मंगळावर बसलेल्या मॅनहॅटनचा, त्याला भूत-भविष्य सगळं एकाच वेळी दिसतं म्हणून तारखा उलटसुलट येतात, त्या जुळवत बसू नका, त्याचा आवाज ऐका. पाचवा संपला की मात्र एक गंमत करा, त्याच चॅप्टरचं पहिलं आणि शेवटचं पान शेजारी धरा, मग दुसरं आणि शेवटून दुसरं. २८ पानांची मांडणी आरशात बघितल्यासारखी, बरोब्बर मध्यावर, पान १४ आणि १५ वर, मारामारी. माझ्या मते कॉमिक या माध्यमात यापेक्षा देखणं काम फार कमी झालंय.

लहान मुलांना देऊ नका हे खरंच सांगते. दुसऱ्या चॅप्टरमध्ये बलात्काराच्या प्रयत्नाचा प्रसंग आहे, सहाव्यात एका लहान मुलीच्या खुनाचा, मोठ्यांनासुद्धा जड जातं.

सिनेमा (२००९) नंतरच बघा, त्यात शेवट बदललाय. एचबीओची २०१९ ची सिरीज तर कॉमिकच्या शेवटानंतरची गोष्ट सांगते, तिचा ट्रेलरसुद्धा आधी नको.