जुन्या बाईकच्या कार्बचे कंपनी फिटिंग जेट कसे शोधायचे

जुनी गाडी हातात आली की सगळे एकच करतात, कार्ब (कार्ब्युरेटर, हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) उघडतात, मेन जेटवरचा (पेट्रोल मापात सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) नंबर वाचतात आणि तोच नंबर नवीन मागवतात. मी पण हेच केलेलं. दोन कार्बची गाडी होती, दोन्ही जेटवर सेम नंबर, पण एक प्लग मस्त तपकिरी, म्हणजे मिक्सचर बरोबर, आणि दुसरा कायम काळाकुट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त. दोन महिने मी पॉइंट, कंडेन्सर, टायमिंग, कॉइल सगळं बदलत बसलो आणि शेवटी भिंगाखाली जेट धरला तेव्हा दिसलं की एका जेटच्या भोकात ड्रिल फिरवल्याच्या रेघा आहेत. कोणीतरी कधीतरी भोक मोठं केलेलं, नंबर मात्र तसाच. म्हणजे गाडीत आत्ता जे बसलंय त्याच्यावर सगळ्यात शेवटी विश्वास ठेवायचा, पंचवीस-तीस-चाळीस वर्षांत किती हात लागलेत कोणाला माहीत.

तर सुरुवात जेटपासून नाही, कार्बच्या बॉडीपासून करायची. पेट्रोल आणि जुना टूथब्रश घेऊन बॉडी स्वच्छ घासा, फ्लँजवर, बाजूला, फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) वाटीच्या वरच्या कडेला कुठेतरी ठोकलेले नंबर सापडतील. हे नंबर म्हणजे कार्बचा जन्मदाखला समजा. अमाल कॉन्सेंट्रिक (जुन्या ब्रिटिश गाड्यांवरचा कार्ब) असेल तर आर९३०/ आणि पुढे एक आकडा असं काहीतरी दिसेल, त्यात आर म्हणजे उजवा, एल म्हणजे डावा, ९०० सिरीज आणि ३० एमएम बोअर (कार्बच्या नळीचा व्यास), आणि तिरप्या रेघेनंतरचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा कारण कुठल्या सेटिंगने तो कार्ब फॅक्टरीतून निघाला ते त्यावरून कळतं. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून १९६७ पर्यंतच्या ब्रिटिश गाड्यांवर बहुतेक अमालचाच जुना मोनोब्लॉक भेटेल, ३७६ किंवा ३८९ ने सुरू होणारा नंबर. जुन्या बीएमडब्ल्यूवरच्या बिंग कंपनीच्या कार्बला ६४/३२/९ अशी भाषा असते, ६४ टाइप, ३२ एमएम, शेवटचा आकडा व्हर्जन, आणि डाव्या-उजव्याचा शेवटचा आकडा वेगळा असतो म्हणून गोंधळू नका. होंडा सीबी७५० च्या सुरुवातीच्या गाड्या बघा, नाव एकच पण बॉडीवर कधी ६५७ए, कधी ६५७बी, कधी ०८६ए, आणि आतलं सेटिंग सगळ्यांचं सेम नाही. नुसतं 'सीबी७५० चे जेट द्या' म्हणून मागितलं तर जे येईल ते तुमच्या नशिबाने.

बॉडीवरचा नंबर तुमच्या मॉडेलच्या पार्ट्स बुकमध्ये सापडतच नसेल तर शांतपणे मान्य करा की कार्बच दुसऱ्या गाडीचा आहे. हे खूप वेळा होतं, मूळ कार्ब झिजला, जवळपासच्या साइजचा मिळाला, बसवला. अशा कार्बमध्ये तुमच्या गाडीचे जेट घालून उपयोग नाही कारण एअर जेट, आतले मार्ग, स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारा भाग) सगळंच वेगळं असतं. मग दोनच रस्ते, मूळ कार्ब शोधा नाहीतर शून्यातून ट्यून करा.

मग वर्ष. आरसीवरची तारीख ही गाडी रजिस्टर झाल्याची तारीख आहे, बनल्याची नाही, शोरूममध्ये गाडी वर्षभर पडून असू शकते. फ्रेम नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही उतरवून घ्या आणि पार्ट्स बुकमध्ये 'या इंजिन नंबरपासून त्या नंबरपर्यंत' अशी जी टीप असते ना ती नीट वाचा, जेट बदललेले असले तर तिथेच लिहिलेलं असतं. आणि देश पण बघा, एकाच वर्षी एकच मॉडेल अमेरिकेला वेगळ्या जेटिंगने आणि युरोपला वेगळ्या जेटिंगने गेलेलं असायचं, धुराचे नियम वेगळे, सायलेन्सर वेगळा.

पुस्तकांमध्ये पण जातपात आहे. कंपनीचं पार्ट्स बुक पहिलं, कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल दुसरं, बाहेरच्या प्रकाशकांची मॅन्युअल तिसरी. तिसऱ्या प्रकारात दहा वर्षांची मॉडेलं एकाच तक्त्यात कोंबलेली असतात, छपाईच्या चुकाही असतात. एका पुस्तकात दिसलं म्हणून लगेच ऑर्डर टाकू नका, दोन ठिकाणी सेम आकडा मिळाला की मग. पार्ट नंबरमधूनही बरंच वाचता येतं, जुन्या होंडाचा मेन जेट ९९१०१-३५७-११०० असा असेल तर मधला भाग जेटचा प्रकार सांगतो आणि शेवटचे चार आकडे साइज, ११०० म्हणजे ११०. यामाहात पार्ट नंबरचा पहिला तुकडा मॉडेलचा कोड असतो, त्यामुळे तो पार्ट मुळात कुठल्या मॉडेलसाठी काढला ते लगेच कळतं.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे आपटतात ते. जेटवरचा आकडा सगळ्या कंपन्यांत एकाच गोष्टीचा नसतो. केहिन, डेलॉर्टो, बिंग यांच्यात आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, १२० म्हणजे १.२० एमएम. अमालमध्ये आकडा म्हणजे मिनिटाला किती सीसी पेट्रोल जातं ते, त्यामुळे अमालच्या १८० जेटचं भोक १.८ एमएम अजिबात नसतं, त्याच्या खूप कमी असतं. मिकुनीत तर षटकोनी डोक्याचा आणि गोल डोक्याचा जेट एकाच आकड्याचा असला तरी पेट्रोल सेम सोडत नाही, मोजायची पद्धतच वेगळी. म्हणून नंबरसोबत जेटचा प्रकार पण मॅच करायचा. स्वस्तातल्या रिपेअर किटमधल्या जेटवर तर माझा काडीचा विश्वास नाही, त्या किटमधले गॅस्केट आणि ओ-रिंग वापरा, जेट बाजूला ठेवा.

मेन जेटच्या मागे लागून बाकीचे विसरू नका. खरं तर गाडी रोज चालते ती मेन जेटवर नाहीच. थ्रॉटल बंद ते एक अष्टमांशपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, तिथून पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडचा कट (खालच्या कडेची तिरपी खाच), पाव ते पाऊण सुई आणि निडल जेट (सुई ज्यात वर-खाली होते तो), आणि पाऊणच्या वर मेन जेट. त्यामुळे कंपनी सेटिंग शोधायचं म्हणजे हा पूर्ण सेट शोधायचा. स्लाइडवर पण नंबर असतो, अमालवर ३ म्हणजे तीन-सोळांश इंच कट, मिकुनीवर २.५ म्हणजे अडीच एमएम, आकडा मोठा तितकं मिक्सचर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. मिकुनीच्या सुईवर ४जे१३ असं काही लिहिलेलं असतं, पहिला आकडा लांबीचा गट, अक्षर टेपर (सुईचा निमुळतेपणा), आणि पुस्तकात पुढे -३ असेल तर क्लिप वरून तिसऱ्या खाचेत. निडल जेटवर ओ-८, पी-२ असं असतं, ओ-० म्हणजे २.६०० एमएम आणि पी-० म्हणजे २.६५०, मधला प्रत्येक आकडा ०.००५ ने वाढतो. इतका बारीक फरक आहे बरं का, आणि सुई वर्षानुवर्षं घासून घासून ते भोक अंडाकृती करते. नंबर बरोबर, जेट खलास. मग जास्त पेट्रोल जाऊन गाडी अर्ध्या थ्रॉटलला घुसमटते, लोक मेन जेट लहान करतात, वरती गाडी लीन होते आणि पिस्टन चिकटतो. दोन स्ट्रोकवाल्यांनी हे वाक्य परत वाचा. जुन्या गाडीत निडल जेट आणि सुई मी जोडीनेच नवीन घालतो, विचारच करत नाही.

जेट काढताना घाई नको, पितळ मऊ असतं. स्लॉटमध्ये पूर्ण रुंदीने बसणारा स्क्रूड्रायव्हर हवा, लहान असेल तर एका झटक्यात स्लॉट गेला. जपानी कार्बच्या स्क्रूना फिलिप्स नाही, जेआयएस (जपानी स्टँडर्ड) टिपचा स्क्रूड्रायव्हर लागतो, बरेच जण ह्यावरच स्क्रूची वाट लावतात. निघत नसेल तर कार्ब क्लीनर मारून रात्रभर ठेवा, मग थोडी ऊब द्या, क्लीनर पूर्ण उडून गेल्यावरच, आणि ज्योतीने नाही. भोकात तार घालून साफ करू नका, फुंका, क्लीनर मारा, नाहीतर अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये टाका. भोक मोजायचं असेल तर पिन गेज (ठरलेल्या जाडीच्या सळया), किंवा बारीक ड्रिलची गुळगुळीत मागची बाजू, फक्त जातंय का बघायला, फिरवायचं नाही. काही चार सिलिंडर गाड्यांत आतल्या आणि बाहेरच्या कार्बचे मेन जेट मुद्दाम वेगळे असतात, त्यामुळे प्रत्येक कार्बची वेगळी डबी करा, फोटो काढा आणि मगच पुढे जा.

नवीन सेट घालण्याआधी एकदा गाडीकडे बघा. मूळ एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) आहे का, मूळ सायलेन्सर आहे का, आतली जाळी कोणी काढून टाकलीय का? कंपनीचे जेट कंपनीच्या एअरबॉक्स आणि सायलेन्सरसाठीच असतात, ओपन फिल्टर लावून पुस्तकातला नंबर घातलात तर गाडी लीनच चालणार. फ्लोटची उंची पण पुस्तकाप्रमाणे लावा, ती चुकली की सगळं सेटिंग एकसाथ सरकतं आणि तुम्ही जेटला शिव्या देत बसता.

मग चाचणी. ग्रिपवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा म्हणजे नक्की कुठे त्रास होतोय ते कळतं. इंजिन पूर्ण गरम, नवीन प्लग, मोकळा रस्ता, मेन जेट तपासायचा तर फुल थ्रॉटल थोडा वेळ धरायचा आणि तिथल्या तिथे क्लच दाबून इग्निशन बंद, आयडलवर येऊ द्यायचं नाही नाहीतर प्लगवर पायलट जेटचा रंग दिसतो. प्लग पांढराफटक असेल तर तिथेच थांबा, हवा कुठून खेचतोय का ते आधी शोधा, मॅनिफोल्डचं रबर आणि गॅस्केट, बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर पुस्तकातलं सेटिंग किंचित लीन वाटू शकतं, तेव्हा सुईची क्लिप एक खाच खाली घेऊन बघा, म्हणजे सुई वर येते, बहुतेकदा तेवढं पुरतं. एका वेळी एकच बदल, आणि काय केलं ते वहीत लिहून ठेवा. जुने काढलेले जेट फेकू नका, पिशवीत घालून कुठल्या कार्बचे ते लिहून ठेवा, माझा तो ड्रिल मारलेला जेट अजून टूलबॉक्समध्ये आहे, कोणी 'नंबर तर बरोबर आहे ना' म्हणालं की तोच काढून दाखवतो.