चार दिवसांच्या मामल्याचा इतिहास कसा शोधायचा (गोव्यातल्या आमच्या फोंड्याचं उदाहरण घेऊन)

किल्ल्यापासून सुरुवात करू नका. फोंड्याचा शिवकाळ-शंभूकाळ शोधायचाय म्हटलं की प्रत्येकजण आधी फर्मागुडीला जातो, फोटो काढतो आणि मग घरी येऊन नेटवर फोंड्याची लढाई शोधत बसतो, मी पण तेच केलं होतं आणि वर्षभर हातात लढायांशिवाय काही लागलं नाही. वेढा काही दिवसांचा, फार तर महिनाभराचा असतो हो. त्याच्या आगेमागे जी वर्षं गेली त्यात इथे जकात कोण घेत होता, तंटा झाला तर माणूस कुणाच्या दारात जायचा, गावकारांना, म्हणजे गावचा कारभार बघणाऱ्या मूळ घराण्यांना, हुकूम कुणाचा यायचा, हे शोधायचं तर वाट वेगळी आहे.

आधी विषय नीट पकडा. १६६६ मध्ये शिवाजी महाराजांनी फोंड्याला वेढा घातला तो फसला. १६७५ च्या एप्रिलमध्ये परत वेढा पडला आणि मे महिन्यात आदिलशाहीचा हा किल्ला मराठ्यांकडे आला. तिथून पुढे तेरा-चौदा वर्षं इथे मराठ्यांचा अंमल, आणि संभाजी महाराज गेल्यावर मोगल, मग घाटावरच्या (आजच्या कर्नाटकातल्या) सोंध्याचे राजे आणि १७६३ मध्ये पोर्तुगीज. म्हणजे एका बाजूला जुवारी-मांडवीपलीकडे पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला घाट, आणि मध्ये हा नवा जिंकलेला पट्टा. याच्या कारभाराला म्हणायचे मामले फोंडा. मामला म्हणजे इथे भानगड नाही, कारभाराचा मुलूख, आणि तो शब्द मेलेला पण नाही, आपण अजून दाखल्यासाठी मामलेदाराच्याच कचेरीत रांग लावतो ना.

आता पहिलं काम, नावांची यादी करा. हे कंटाळवाणं आहे पण टाळलंत तर अर्धे कागद तुमच्या नजरेखालून निघून जातील. फोंडा, फोंडें, अंत्रुज, अंत्रुज महाल हे सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. डिचोली आपण म्हणतो, कोंकणीत दिवचल, पोर्तुगीज कागदात बिचोली आणि शेवटी नाकात म्हणायचा म. शिवाजी महाराज त्यांच्याकडे सेवाजी होतात. दक्षिणेकडे गेलात तर अष्टागर, हेमाडबार्से, बाळ्ळी, चंद्रवाडी, काकोडा अशी महालांची नावं येतात, पोर्तुगीज काळात यांनाच पंचमहाल म्हणायचे, आणि ती आजच्या तालुक्यांशी एकास एक जुळत नाहीत, धारबांदोडा तालुका तर २०११ मध्ये सांग्यातून काढलेला. त्यामुळे आजच्या तालुक्याच्या नकाशावर जुना मामला रंगवायला जाऊ नका, चुकणारच. गावांची नावं लिहा, ज्या गावाचा उल्लेख सापडला त्या गावावर टिंब द्या, बस. रेघ मारायची घाई नको, त्या काळी सरहद्द म्हणजे कुंपण नव्हतं, नदी आणि जकातीचा नाका होता.

दुसरं काम तारखांचं, आणि इथे मी सपशेल तोंडावर आपटलेलो आहे. १६८३ च्या पोर्तुगीज स्वारीची माहिती मी दोन ठिकाणांहून उतरवली, तारखांत दहा दिवसांचा फरक, तर मी वहीत चक्क दोन वेढे लिहून मोकळा झालो आणि तीन महिने त्या दुसऱ्या वेढ्याचा पुरावा शोधत फिरलो! भानगड अशी की पोर्तुगीज लोक नवीन म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडर वापरत होते, आणि इंग्रज वखारवाले जुनंच ज्युलियन धरून बसलेले, शिवाय मराठी कागदांच्या तारखा करताना आपले बरेचसे अभ्यासक पण जुनंच धरतात. त्या काळात फरक १० दिवसांचा. म्हणजे पोर्तुगीज १० नोव्हेंबर ती जुन्या हिशोबाने ३१ ऑक्टोबर. त्यात इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे त्यांच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या कागदावर सन एक वर्ष मागचा दिसतो. वहीत प्रत्येक तारखेपुढे ती कुठल्या हिशोबाची ते लिहायची सवय आजपासूनच लावा.

मराठी कागदात शक असेल तर सोपं, ७८ मिळवा, फक्त जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळावर शके १५९० आहे, झाले १६६८. पण बऱ्याच कागदांवर शुहूर सन असतो आणि तो आकड्यात नाही, अरबी शब्दांत. घाबरू नका, पाढ्यासारखं पाठ होतं. इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. समानीन म्हणजे ऐंशी, अलफ म्हणजे हजार. आता "अर्बा समानीन व अलफ" दिसलं तर ४ अधिक ८० अधिक १०००, झाले १०८४. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे नोव्हेंबरचा कागद असेल तर १६८३, जानेवारीचा असेल तर १६८४.

तिसरं म्हणजे सैन्य आणि अंमल वेगळे करा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १६८३ चं साल यासाठी झकास आहे. व्हाइसरॉय कोंद दि आल्व्होर फोंड्यावर चालून आला, किल्ल्याला भगदाडं पाडली, तेवढ्यात संभाजी महाराज येऊन पोचले आणि त्याला दुर्भाटच्या दिशेने माघारी पळावं लागलं. मग २४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटी साधून मराठे मांडवीतल्या जुवे बेटावर उतरले, तिथला किल्ला घेतला, व्हाइसरॉय तिथे पण मार खाऊन परतला. डिसेंबरमध्ये मराठे गोव्यातल्याच साष्टी आणि बार्देश या पोर्तुगीजांच्या मुलखात घुसले, इकडे व्हाइसरॉयने म्हणे आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला. आणि जानेवारीत शहजादा शाहआलमची मोगल फौज घाट उतरून येतेय म्हटल्यावर मराठ्यांना सगळं सोडून मागे फिरावं लागलं. तर मग साष्टी-बार्देश मराठ्यांचा मामला झाला का? माझ्या मते नाही. तिथे फौज होती, अंमल बसला नव्हता. अंमल बसला म्हणायला तीन गोष्टी बघा, वसूल कुणाच्या नावाने होतो, नेमलेला अधिकारी कोण, आणि सामान्य माणसाबद्दलचा एखादा तरी हुकूम सापडतो का. फोंड्याला तिन्ही सापडतात, ते कसं ते पुढे सांगतो. फेसबुकवर याच्यावरून भांडणं होतात ती बहुतेक या एका गल्लतीमुळे, कुणी महिन्याभराच्या स्वारीला राज्य म्हणतो आणि कुणी तेरा वर्षांच्या राज्याला नुसती स्वारी.

तर तो पुरावा दगडावर आहे. फोंड्याजवळच्या हडकोळणचा शिलालेख, शके १६१०, चैत्र प्रतिपदा, म्हणजे १६८८ चा पाडवा. त्यात धर्माजी नागनाथ हा मामले फोंड्याचा अधिकारी नावानिशी येतो, आणि अंगभाडे नावाचा जो कर नाक्यावरून जाणाऱ्या माणसांकडून घेतला जायचा तो माफ केल्याचं लिहिलंय. बघा, एका दगडात मामल्याचं नाव आलं, साहेब आला, कर आला आणि तो माफ करणारा हुकूम पण आला. मला तर जुव्याच्या लढाईपेक्षा हा दगड जास्त आवडतो, कारण नाक्यावर दिडकी-दिडकीसाठी अडलेला माणूस फक्त इथेच दिसतो. असे लेख वाचायला जाताना सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात अक्षरं उठून दिसतात. खडू, पीठ, हळद काही घासू नका, आणि देवळाच्या आवारात असेल तर आधी महाजनांना किंवा भटजींना विचारा, नाहीतर नारळ द्यायच्या जागी शिव्या खाऊन याल.

आता कागद. असल्या अल्पायुषी मामल्याचं स्वतःचं दप्तर सहसा उरत नाही, माणसं पळताना दप्तर आधी जळतं किंवा हरवतं. म्हणून शेजाऱ्याच्या घरात शोधायचं, आणि आपला शेजारी पोर्तुगीज, जो प्रत्येक गोष्ट लिहून लिस्बनला कळवायचा. पणजीच्या पुराभिलेख खात्याची मुळं १५९५ पर्यंत जातात. तिथे दोन मालिका मागा, एक मोंसोंइश, म्हणजे मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार, आणि दुसरी रैश व्हिझिन्युश, शेजारच्या राजांना लिहिलेली पत्रं. पोर्तुगीज येत नसेल तर रडू नका, पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९३१ ते १९६१ हे दफ्तरखाना सांभाळताना यातलं कितीतरी छापून ठेवलंय, आधी ते वाचा, मग मूळ कागद मागा. मोडी मात्र शिकाच, दोन-तीन महिने रोज अर्धा तास दिला तर जमते. आणि शत्रूचा कागद वाचताना एक ध्यानात ठेवा, व्हाइसरॉय हरल्यावर समोरची फौज नेहमीच फार मोठी असते.

शेवटी पुढच्या मालकाचे कागद बघा. नवा राज्यकर्ता जुनी वहिवाट एकदम मोडत नाही, देवळाचं उत्पन्न, देसायांचे हक्क, गावकीची देणी "पूर्वीप्रमाणे" चालू ठेवतो, आणि त्या पूर्वीप्रमाणेच्या आत आपला मामला लपलेला असतो. सोंधेकरांच्या आणि १७६३ नंतरच्या पोर्तुगीज कागदात मागे मागे जात राहा.

आणि कागदावर मुलखाचं नाव चुकीचं दिसलं म्हणून तो बाजूला टाकू नका. फोंडा तालुका २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला, तरी माझ्याकडे त्यानंतरची एक पावती आहे तिच्यावर ठळक उत्तर गोवा छापलंय, दुकानदार म्हणाला जुनी पुस्तकं संपेपर्यंत हेच चालणार.