तैपेईत महागडं 'मॉडर्न तैवानी' टेबल बुक करण्याआधी

तैपेईतल्या तैरॉयर या मॉडर्न तैवानी हॉटेलला २०२३ साली मिशेलिन या रेस्टॉरंट-गाइडचा तिसरा, म्हणजे सर्वोच्च, तारा मिळाला. पण तारे बघून लगेच कार्ड काढू नका. आधी निंगशिया नाइट मार्केटात एक संध्याकाळ घालवा. लु रोउ फान (भातावर सोया सॉसमध्ये मंद आचेवर शिजवलेलं डुकराचं मांस) आणि कालवं घातलेलं आम्लेट खाऊन बघा. अशा मॉडर्न तैवानी हॉटेलांतला शेफ असल्याच रोजच्या पदार्थांशी खेळत असतो. मूळ चवच माहीत नसेल तर त्याची निम्मी गंमत डोक्यावरून जाते. मूळच आवडलं नाही, तर प्रश्नच मिटला.

शाकाहारींनी जास्त जपावं. तिथली पारंपरिक बौद्ध शाकाहारी थाळी कांदा-लसूणही वगळते, म्हणजे आपल्या रोजच्या शाकाहारापेक्षा कडक. पण ती वेगळ्या हॉटेलांत. टेस्टिंग मेन्यूत (शेफने ठरवलेले छोटे छोटे पदार्थ एकामागून एक) सुकी कोळंबी, डुकराची चरबी, हाडांचा स्टॉक कुठेही दडलेला असतो. नुसतं 'व्हेज' लिहून भागत नाही. काय काय चालत नाही त्याची यादी बुकिंगच्या वेळीच पाठवा. उत्तर गोलमोल आलं, तर सरळ सोडून द्या. बीफ चालत नसेल तर तेही तेव्हाच सांगा.

बिलावर साधारण १० टक्के सर्व्हिस चार्ज लागतो, वेगळी टिप द्यावी लागत नाही. आगाऊ रक्कम घेत असतील तर रद्द करण्याची मुदत वाचा. आणि हॉटेल चालू आहे ना, तेही बघा: तैपेईतलं गाजलेलं 'रॉ' हे हॉटेल २०२४च्या अखेरीस बंद झालं, जुन्या याद्यांत मात्र ते अजून दिसतं.