‘जीपीयू दिसत नाही’ म्हणण्याआधी: या चुका टाळा

आठवड्यातून एकदा तरी व्हॉट्सअॅपवर स्क्रीनचा फोटो येतो. तिरका, वर ट्यूबलाइट चमकतेय, आणि खाली एकच ओळ: “दादा, जीपीयू दिसत नाहीये.” मला हवी असलेली ओळ नेमकी कापलेली असते. लिनक्सवर जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची, माहिती काढायला चार-पाच कमांड पुरतात. पण प्रत्येक कमांड वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते, आणि लोक एकीला विचारून दुसरीचं उत्तर समजून बसतात.

यादी गाळून वाचणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण हिच्यापायी मला एका दुकानदाराची माफी मागावी लागली आहे. भाच्याने लॅपटॉप घेतला, आत एनव्हीडियाचं आरटीएक्स 3050 कार्ड. घरी येऊन उबुंटू टाकलं आणि कुठल्याशा व्हिडिओत बघून ‘एलएसपीसीआय’ची, म्हणजे मशीनमधल्या पीसीआय उपकरणांची, यादी ‘व्हीजीए’ शब्दावर ग्रेप केली, म्हणजे तो शब्द असलेल्याच ओळी ठेवल्या. एकच ओळ आली, प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्सची. मग ‘जीएलएक्सइन्फो -बी’ चालवलं, तर रेंडररच्या ओळीतही इंटेलच. दोन साक्षीदार मिळाल्यावर स्वारी पेटली. “मामा, फसवलं आपल्याला, आत कार्डच नाहीये!” मीही शहाणा, स्क्रीन न बघता त्याच्याबरोबर भांडायला गेलो. दुकानदाराने आमचं सगळं ऐकून घेतलं, मशीन स्वतःकडे फिरवलं, तीच कमांड ग्रेप न लावता चालवली आणि मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं: ‘3डी कंट्रोलर: एनव्हीडिया’.

लॅपटॉपमधल्या दुसऱ्या कार्डाला बऱ्याचदा स्क्रीन थेट जोडलेली नसते. असं कार्ड पीसीआयच्या यादीत ‘व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर’ या नावाने येतच नाही, ‘3डी कंट्रोलर’ म्हणून येतं. पहिल्याचा वर्ग 0300, दुसऱ्याचा 0302. जीएलएक्सइन्फोही खोटं बोललं नव्हतं. आत्ता चित्र कोण काढतंय एवढंच ते सांगतं, आणि बॅटरी वाचावी म्हणून ते काम इंटेलकडे असतं. एनव्हीडियाला बोलतं करायला कमांडच्या आधी ‘__एनव्ही_प्राइम_रेंडर_ऑफलोड=1’ आणि ‘__जीएलएक्स_व्हेंडर_लायब्ररी_नेम=एनव्हीडिया’ लावावं लागतं. दुसरं कार्ड एएमडीचं असेल तर ‘डीआरआय_प्राइम=1’ वर भागतं.

तेव्हापासून मी ‘एलएसपीसीआय -के’ चालवतो आणि अख्खी यादी डोळ्यांनी वाचतो. वीस-तीस ओळी तर असतात, त्यात कसली घाई? ‘-के’मुळे कार्डाखाली कुठला कर्नल ड्रायव्हर वापरात आहे ते कळतं. तिथे ‘नूव्हो’ हा एनव्हीडियासाठीचा मुक्त ड्रायव्हर दिसला तर कूडाची (कार्डावर आकडेमोड चालवायच्या एनव्हीडियाच्या तंत्राची) चर्चा तिथेच थांबवायची, कारण त्यावर कूडा चालत नाही. ड्रायव्हरची ओळच नसेल तर मी आधी सिक्युअर बूटवर (सही नसलेले ड्रायव्हर अडवणाऱ्या सोयीवर) संशय घेतो.

कोपऱ्यातला कूडाचा आकडा

कार्डाची स्थिती दाखवणाऱ्या ‘एनव्हीडिया-एसएमआय’ कमांडच्या उजव्या कोपऱ्यात ‘कूडा व्हर्जन: 12.4’ असं काहीतरी येतं. हे वाचून निम्मी जनता समजते की कूडा 12.4 इन्स्टॉल झालंय. नाही झालेलं! हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठल्या आवृत्तीपर्यंत चालेल, एवढाच त्याचा अर्थ. मशीनवर कूडाचं टूलकिट (प्रोग्राम बनवायची साधनं) कुठलं आहे ते ‘एनव्हीसीसी --व्हर्जन’ सांगतं. उबुंटू 22.04 च्या अॅप्टमधून (सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायच्या सोयीतून) टूलकिट घेतलंत तर ते 11.5 सांगेल, आणि त्यात काहीही बिघडलेलं नाही. पण दोन आकडे जुळत नाहीत म्हटल्यावर लोकांना झोप लागत नाही. मग कुठून तरी रनफाइल, म्हणजे एनव्हीडियाचा वेगळा इन्स्टॉलर, आणतात. ती स्वतःबरोबरचा ड्रायव्हरही टाकायला निघते, आणि अॅप्टच्या ड्रायव्हरवर तो चढला की रात्री दोनला काळ्या स्क्रीनचा फोटो मला येतो. खरं तर पायटॉर्च (मशीन लर्निंगची पायथन लायब्ररी) पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने घेतलंत तर त्याला लागणारी कूडाची रनटाइम ते स्वतःच घेऊन येतं. ड्रायव्हर पुरेसा नवा असला की झालं.

‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ आलं तर फोरम धुंडाळू नका. अपडेट झालंय, मशीन रीस्टार्ट करा.

जीएलएक्सइन्फोत रेंडररच्या जागी ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर कार्ड झोपलेलं आहे आणि प्रोसेसर घाम गाळतोय. नवशिके खालची ‘ओपनजीएल 4.5’ ही ओळ बघून खूश होतात. ती एलएलव्हीएमपाइपचीच पात्रता आहे, कार्डाची नाही. व्हल्कन हे ग्राफिक्सचं दुसरं तंत्र तपासणाऱ्या ‘व्हल्कनइन्फो --समरी’तही प्रत्येक उपकरणाचा प्रकार बघा. तिथे ‘सीपीयू’ लिहिलं असेल तर तीच गत. त्याच कमांडमध्ये वर येणारी इन्स्टन्स आवृत्ती लोडरची (प्रोग्रामला ड्रायव्हरशी जोडून देणाऱ्या भागाची) असते, कार्डाची ‘एपीआयव्हर्जन’ खाली वेगळी येते.

दोन कार्डं असलेल्या मशीनवर आणखी एक घोळ होतो. एनव्हीडिया-एसएमआय कार्डांना पीसीआय बसच्या क्रमाने नंबर देतं, तर कूडा आपणहून सगळ्यात वेगवान कार्डाला शून्य नंबर देतं. त्यामुळे एसएमआयमधलं 1 नंबरचं कार्ड रिकामं आहे म्हणून प्रोग्रामला 1 सांगता, आणि तो दुसऱ्याचंच चालू काम असलेल्या कार्डावर जाऊन बसतो. माझ्या बॅशआरसीत (टर्मिनल उघडताच वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) ‘कूडा_डिव्हाइस_ऑर्डर=पीसीआय_बस_आयडी’ ही ओळ कायमची आहे.

ओपनसीएल (कार्डावर आकडेमोड करायचं आणखी एक तंत्र) तपासणारं ‘सीएलइन्फो’ शून्य प्लॅटफॉर्म सांगत असेल तर ‘/ईटीसी/ओपनसीएल/व्हेंडर्स’ रिकामं आहे का बघा. सुडो (अॅडमिनचे हक्क) लावल्यावरच कार्ड दिसत असेल तर तुम्ही ‘रेंडर’ ग्रुपमध्ये नाही. ग्रुपमध्ये नाव घाला, लॉगआउट होऊन परत या. रोज सुडो मारणं हा इलाज नव्हे. आणि एनव्हीडिया-एसएमआयमधलं ‘जीपीयू-युटिल 100%’ म्हणजे कार्ड पूर्ण वापरात आहे असं नाही, त्या वेळात कुठलं तरी काम सतत चालू होतं इतकंच.

मदत मागताना फोटो नको. कमांडचं आउटपुट ‘>’ लावून टेक्स्ट फाइलमध्ये घ्या, बरोबर ‘यूनेम -आर’ (कर्नलची आवृत्ती) जोडा, आणि मशीनसमोर बसून चालवलं की एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून जोडून) तेही लिहा, कारण जीएलएक्सइन्फोचं उत्तर त्यावर बदलतं. फाइल लांबलचक झाली तरी कापू नका. हवी ती ओळ मी शोधतो.