दवाखान्यात बाळाला बाटलीनं पाजायचंय? आधी रात्रीच्या गरम पाण्याचं पाहा

माझ्या लहान बहिणीचं सिझर मागच्या मे महिन्यात नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात झालं. तिला एक औषध सुरू आहे त्यामुळे डॉक्टरांनी सातव्या महिन्यातच सांगून दिलं होतं की अंगावर पाजायचं नाही, वरचं दूधच द्यायचं. आम्ही सगळं घेतलं, बाटल्या, पावडरचा डबा, ब्रश, दुपटी, आणि पहिल्याच रात्री दोन वाजता बाळ रडून राहिलं तेव्हा लक्षात आलं की उकळलेलं पाणीच नाहीये. कँटीन बंद, खोलीत केटल लावू देत नाहीत, जावई खाली चहाची टपरी शोधत फिरले, शेवटी ड्युटीवरच्या सिस्टरनी पाणी गरम करून दिलं. त्या वीस मिनिटांत माझा जीव नुसता कासावीस झाला. म्हणून हे लिहून राहिली आहे.

नाव नोंदवायला जाल तेव्हाच विचारा की केटल चालते का, पँट्री रात्री उघडी असते का. नसेल तर चांगला स्टीलचा थर्मास घ्या, आणि झोपायच्या आधी खळखळ उकळलेलं पाणी त्यात काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. अर्धा भरला तर लवकर निवतो. पाणी इतकं गरम काहून पाह्यजे, तर पावडर डब्यात बंद असली तरी निर्जंतुक नसते, तिच्यात जंतू असू शकतात, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की ती निदान ७० अंश गरम पाण्यात कालवावी म्हणजे ते मरतात. कोमट पाण्यानं ते काम होत नाही. काही डब्यांवर वेगळं लिहिलेलं असतं, तर तो डबा डॉक्टरांना दाखवून एकदा विचारूनच घ्या, बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर नक्कीच.

डबा कोणता तेही डॉक्टरांनाच लिहून द्यायला सांगा, ० ते ६ महिन्यांचा, लहान ४०० ग्रॅमचा घ्या. दवाखाना देईल या भरवशावर राहू नका, १९९२ च्या कायद्यानं आपल्याकडे अशा दुधाचे फुकट नमुने वाटायला आणि जाहिरात करायला बंदी आहे. त्याच कारणानं काही सिस्टर बाटली पाहून ओरडतात, आईचं दूध काहून नाही म्हणतात, आणि ड्युटी बदलली की नवीन सिस्टर पुन्हा तेच विचारते. टाके दुखत असलेल्या बाईला दर आठ तासांनी तेच तेच समजावून सांगावं लागणं फार वाईट. डॉक्टरांकडून फाईलवर कारणासकट लिहून घ्या, मग फाईल दाखवली की झालं. कुठे बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडल्यानंच पाजा म्हणतील तर वाद घालू नका, तेही चांगलंच असतं, धुवायला सोपं.

बाटल्या आयएसआय मार्कच्या चार तरी ठेवा, निपल सगळ्यात हळू धारेचं. दवाखान्यात बाटल्या उकळणं जमत नाही, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवसापासून असं केलं की आमची आई घरी मोठ्या गंजात बाटल्या पूर्ण बुडवून, आत हवा राहू न देता, दहा मिनिटं उकळायची, बाहेर काढल्या काढल्या निपल आणि झाकण लावून बंद करायची, आणि सकाळ-संध्याकाळ जेवणाच्या डब्यासोबत पाठवायची. वापरलेल्या त्याच पिशवीत परत. बाटली बंदच राहिली तर २४ तास चालते.

आता दूध बनवणं. हे घरी निदान दोनदा करून पाहा, आणि जो रात्री सोबत झोपणार आहे त्यानं करून पाहा, बाळंतिणीनं नाही, काहून की पहिल्या रात्री ती उठू शकत नाही. हात साबणानं धुवा, आधी पाणी, मग पावडर. बहुतेक डब्यांना ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा लागतो, पण आपला डबा वाचा, आणि चमचा त्याच डब्यातला घ्या. चमचा दाबून भरू नका, डब्याच्या काठानं नाहीतर स्वच्छ सुरीनं वरची पावडर सपाट करा. पहिल्या दिवशी बाळ पाच-दहा मिलीच पितं, तर लोक अर्धा चमचा टाकून अंदाजे पाणी घालतात, तसं नका करू, पूर्ण ३० मिली बनवा आणि उरलेलं फेकून द्या. बाळाचं तोंड लागलेलं दूध पुढच्या वेळेला ठेवायचंच नाही. झाकण लावून हलवा, बाटली थंड पाण्याच्या वाटीत गळ्याच्या खाली राहील अशी धरा, मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून पाहा, कोमटसुद्धा जेमतेम लागलं पाह्यजे.

पाजताना बाळाला आडवं ठेवू नका. डोकं कोपराच्या वाकात, अंग थोडं उभं, बाटली जवळजवळ आडवी, निपलमधे दूध भरलेलं. चार-पाच घोट झाले की बाटली जराशी खाली करा, बाळाला श्वास घेऊ द्या. आमची पोट्टी पहिल्यांदा पिताना मधेच थांबून बोटं पसरवायची, मी समजायची की झालं, पण ते दम घेणं होतं. तोंड वळवलं, ओठ मिटले की मात्र खरंच बस्स. उशीला बाटली टेकवून कधीच सोडू नका. मग खांद्यावर घेऊन ढेकर.

एक वही ठेवा, वेळ, किती मिली, सू, शी. डॉक्टर राउंडला हेच विचारतात आणि जागरणानं काही आठवत नाही. दोन-तीन तासांनी पाजायचं, बाळ झोपलं असलं तरी तीन तासांच्या वर जाऊ देऊ नका. उठतच नसेल, सू कमी झाली, हिरवी उलटी झाली, अंग तापलं, पिवळं दिसलं तर सकाळची वाट न पाहता सिस्टरला बोलवा.

नागपूरच्या उन्हाळ्यात घरचे सगळे म्हणतात बाळाला तहान लागली असेल, दोन चमचे पाणी द्या. नाही द्यायचं, दुधातलं पाणी पुरतं. मध आणि गुटी पण नाही, वर्षाच्या आत मध धोक्याचा असतो. आजींना हे नीट, प्रेमानं, आधीच सांगून ठेवा, दवाखान्यात सगळ्यांसमोर नको.

आणि बाळंतिणीकडे पण पाहा. अंगावर पाजत नसली तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतंच, छाती दगडासारखी होते, ताप आल्यासारखं वाटतं. माझी बहीण रात्रभर रडली आणि आम्ही सगळे बाळाभोवती. त्याचं काय करायचं ते डॉक्टरांना डिलिव्हरीच्या आधीच विचारून ठेवा.