संथ वाटणारा चौथा खंड मिटून ठेवण्यापूर्वी या चुका टाळा

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालिकेच्या तिसऱ्या खंडात ऐन लग्नाच्या पंगतीत कत्तल होते. त्यानंतर २००५ साली आलेला ‘अ फीस्ट फॉर क्रोज’ हा चौथा खंड अनेकांना रटाळ वाटला. तो संथ आहे हे नाकारण्यात अर्थ नाही, मात्र त्याच्याविषयीची निम्मी निराशा वाचकाने स्वतःच ओढवून घेतलेली असते.

टिरियन, जॉन आणि डेनेरिस या मालिकेतील प्रमुख पात्रांच्या प्रकरणांची वाट पाहत पाने उलटणे ही सर्वांत मोठी चूक होय. हस्तलिखित फार फुगल्यामुळे मार्टिन यांनी त्याची विभागणी कालक्रमाने न करता पात्रांनुसार केली, आणि या तिघांची प्रकरणे २०११ च्या पाचव्या खंडात गेली. तसा खुलासा पुस्तकाच्या अखेरीस आहे. तो आरंभी छापला असता तर बराच मनस्ताप वाचला असता.

दुसरी चूक म्हणजे ब्रिएन या स्त्री-योद्ध्याची आठ प्रकरणे गाळणे. ती सान्सा या बेपत्ता सरदारकन्येचा शोध घेत हिंडते आणि सान्सा कोठे आहे हे वाचकाला आधीच ठाऊक असते, त्यामुळे ही वणवण कशासाठी, असे वाटणे साहजिक आहे. परंतु याच वाटेवर तिला मेरिबाल्ड हा अनवाणी फिरणारा धर्मोपदेशक भेटतो. शेतावरून उठून युद्धावर गेलेला, बूट हवे असल्यास प्रेताच्या पायांतून काढून घ्यावे लागणारा साधा शिपाई एके दिवशी मनाने कसा मोडतो आणि पळ काढतो, हे तो तिला सांगतो, आणि ब्रिएन ज्या उजाड गावांतून आली त्यांचा अर्थ तेव्हा कोठे लागतो.

लोहद्वीपे आणि डॉर्न या कथेतील प्रदेशांत घडणाऱ्या प्रकरणांबाबतची तक्रार मात्र रास्त आहे. प्रकरणांना पात्रांची नावे देण्याची रीत मोडून तेथे ‘प्रेषित’ यासारखी बिरुदे दिली आहेत, त्यामुळे तेथील नवी पात्रे अधिकच परकी वाटतात. अशा वेळी शेवटच्या परिशिष्टातील घराण्यांच्या यादीत एक बोट ठेवूनच वाचावे.

कंटाळून थेट पाचवा खंड उघडल्यास त्याच्या उत्तरार्धातील राजमाता सर्सीची प्रकरणे अधांतरी वाटतात, कारण तिच्या पतनाची तयारी चौथ्यातच झालेली असते. दोन्ही खंडांतील प्रकरणे एकत्र गुंफून वाचण्याचे वाचकांनी केलेले क्रमही पहिल्या वाचनात टाळावेत. सहावा खंड अद्याप आलेलाच नाही, तेव्हा घाई कशाची?